पुढं काय झालं, बाई?

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारते. अगदी खरं उत्तर द्यायचं हं!

तुम्हाला खूप खूप आवडलेलं एखादं गोष्टीचं पुस्तक आठवा बरं. आठवलं? आता सांगा, ते तुमच्या हातात कसं आलं? स्वतः दुकानात जाऊन शोधलंत, की कुणीतरी तुमच्यापुढं धरलं आणि म्हणालं, “हे वाच, तुला आवडेल”? मोठी ताई, आतेभाऊ, शेजारचे काका, बाकावरची मैत्रीण... कुणीतरी असणारच! पुस्तकं काही आपल्या पायांनी चालत येत नाहीत. एका हातातून दुसऱ्या हातात, असाच त्यांचा प्रवास चालतो.

आज मी तुम्हाला माझ्या आवडीची गोष्टींची पुस्तकं सुचवणार आहे. काही जुनी, काही नवी. पण त्याआधी एक हकिगत सांगायची आहे. ती माझ्या चुकीची हकिगत आहे. बाई झाले म्हणून काय झालं, बाईंच्याही चुका होतात बरं का!

कुलूपबंद कपाट

मी एका खेडेगावातल्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. वर्गाच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे. त्यात दीडेकशे गोष्टींची पुस्तकं. मी या शाळेत रुजू झाले तेव्हा त्या कपाटाची किल्ली आणि डेडस्टॉकचं रजिस्टर माझ्या ताब्यात आलं. रजिस्टरमध्ये प्रत्येक पुस्तकाचं नाव, क्रमांक, किंमत. एखादं पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर उत्तर कुणी द्यायचं? मी! मग मी काय केलं असेल? कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. पुस्तकं सुखरूप आणि मी निर्धास्त.

वर्षातून एक दिवस मात्र कपाट उघडायचं. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून आपल्या राज्यात तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आम्ही सतरंज्या अंथरायचो, पुस्तकं मांडायचो, मुलं ओळीनं वाचायला बसायची, फोटो निघायचा. तासाभरानं पुस्तकं मोजून पुन्हा कपाटात!

अशाच एका १५ ऑक्टोबरची गोष्ट. घंटा झाली. सगळी मुलं उठून बाहेर पळाली. तिसरीतला एक मुलगा मात्र जागचा हलेना. हातात भा. रा. भागवतांचं ‘फास्टर फेणे’चं एक पुस्तक. बोट ओळीवर. ओठ हलताहेत.

मी म्हटलं, “चल रे, पुस्तक ठेव आता.”

तो म्हणाला, “बाई, घरी नेऊ का?”

“आठ दिवसांत परत आणशील?”

त्यानं मान हलवली. “आठ दिवसांनी आम्ही हितं नसतो. कारखान्याला जायचंय.”

शहरातल्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आमच्या भागातली हजारो कुटुंबं पावसाळा संपला की ऊस तोडायला बाहेर पडतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. बिऱ्हाड ट्रॅक्टरवर लादायचं, कारखान्याजवळ कोपी घालायची आणि पाच-सहा महिने तिथंच राहायचं. बरोबर मुलंही जातात. हा मुलगा त्यांतलाच एक.

माझ्या डोळ्यांपुढं ते रजिस्टर आलं. मनात आलं, पुस्तक गेलं की गेलंच. मी म्हटलं, “परत आलास की वाच हं.” आणि त्याच्या हातातून पुस्तक घेऊन कपाटात ठेवलं. कुलूप लावलं. तो काही बोलला नाही. दप्तर उचललं आणि गेला.

एप्रिल उजाडला. उन्हानं रापलेला, थोडा उंच झालेला तो मुलगा एके दिवशी वर्गाच्या दारात उभा. मी म्हटलं, “अरे वा, आलास? कसा आहेस?” तर त्यानं उत्तर काय द्यावं?

“बाई, ते पुस्तक हाये का अजून? फेण्याचं पुढं काय झालं?”

सहा महिने! सहा महिने तो त्याच प्रश्नावर थांबला होता. थांबला होता म्हणजे नुसता थांबला नव्हता हं. संध्याकाळी आईवडील फडातून परत येईपर्यंत कोपीवर जी लहान मुलं असत, त्यांना तो फास्टर फेणेच्या गोष्टी सांगायचा. वाचली होती पंधरा-वीस पानं. मग बाकीच्या गोष्टी? त्या त्यानं स्वतःच रचल्या! त्याच्या गोष्टींतला फास्टर फेणे उसाच्या गाडीमागून सायकल हाणत कारखान्यावर जायचा आणि चोरीला गेलेले बैल शोधून आणायचा. हे सगळं तो मला हसत हसत सांगत होता आणि मला मात्र कुठं बघावं ते कळत नव्हतं. कपाटातल्या दीडशे पुस्तकांतलं एक पुस्तक नेमकं त्याचं होतं, आणि तेच मी त्याच्या हातातून काढून घेतलं होतं.

त्या दिवशी मी किल्ली पर्समधून काढली आणि खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवली. आजही ती तिथंच असते. कुणीही कपाट उघडावं, पुस्तक घ्यावं, वहीत नाव लिहावं. चार-पाच पुस्तकं हरवली आहेत, काही फाटली आहेत. रजिस्टरमध्ये तसं स्पष्ट लिहून मी सही केली. आणि काय सांगू, आभाळ काही कोसळलं नाही!

चिठ्ठीची गंमत

कपाट उघडलं, पण नवाच प्रश्न आला. मुलं कपाटापुढं उभी राहायची आणि विचारायची, “बाई, कुठलं घेऊ?” मी सांगायची, “हे घे, चांगलं आहे.” मुलं न्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणायची. “वाचलंस?” “हो बाई.” पण चेहराच सांगायचा की नाही वाचलं!

मग एकदा मी ऐकलं. एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, “अगं, हे ने. यात एक भूत आहे, पण ते घाबरवतच नाही!” ती मैत्रीण उड्या मारत ते पुस्तक घेऊन गेली. राजीव तांबे यांचं ‘प्रेमळ भूत’ होतं ते. मी महिनाभर तेच पुस्तक ‘चांगलं आहे’ म्हणून देत होते, तेव्हा कुणी घेत नव्हतं!

तेव्हापासून आमच्या वर्गात एक पद्धत सुरू झाली. पुस्तक वाचून झालं की पुढच्या वाचकासाठी आत एक चिठ्ठी ठेवायची. सही नाही केली तरी चालेल. काही चिठ्ठ्या वाचून दाखवू?

‘जेवताना वाचू नका. मला ठसका लागला.’

‘पहिली पाच पानं कंटाळा येतो. दम धरा.’

‘शेवटी मी रडलो. कुणाला सांगू नका.’

‘ज्याचं भावाशी भांडण झालंय त्याने वाचा.’

बघा, एकाही चिठ्ठीत ‘पुस्तक उत्कृष्ट व बोधप्रद आहे’ असं लिहिलेलं नाही. पण प्रत्येक चिठ्ठी वाचून ते पुस्तक उघडावंसं वाटतं की नाही? तर आता मीही तुमच्यासाठी माझ्या चिठ्ठ्या लिहिते. तुम्हाला हवी ती उचला.

चिठ्ठी पहिली : धावाधाव आवडणाऱ्यांसाठी

अर्थातच फास्टर फेणे! खरं नाव बनेश फेणे, गाव पुण्याजवळचं फुरसुंगी, शाळा पुण्यातली विद्याभवन. अंगानं काटकुळा, पण डोकं आणि सायकल दोन्ही भन्नाट वेगानं चालणारी. काही विलक्षण दिसलं की तोंडातून आवाज निघतो, ‘टॉक्!’ भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) त्याची एकूण वीस पुस्तकं लिहिली. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’पासून सुरुवात केलीत तरी चालेल. २०१७ साली त्याच्यावर सिनेमाही आला, पण त्यात तो मोठा झालेला आहे. पुस्तकातला फाफे शाळकरी आहे, तुमच्याएवढा. त्याच्याजवळ मोबाइल नाही. अडकला की स्वतःचं डोकं लढवावं लागतं. खरी मजा तिथंच आहे.

फाफे संपला आणि चुकल्यासारखं वाटू लागलं, तर फेलूदाकडं जा. बंगालचे थोर चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय मुलांसाठी फार सुरेख रहस्यकथा लिहायचे. त्यांचा फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणला आहे. फेलूदा, त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे आणि रहस्यकथा लिहिणारे, पण स्वतः जरा भित्रे असलेले लालमोहनबाबू. हे त्रिकूट एकदा भेटलं की सोडवत नाही.

आणि अगदी अलीकडचं हवंय? भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ वाचा. २०२४ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ या कादंबरीला २०१९ साली हाच पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे मुल्ला हे वनरक्षक. त्यांनी जंगल पायांनी तुडवलेलं आहे, मग त्यांच्या पुस्तकात ते जिवंत होणारच!

चिठ्ठी दुसरी : हसून हसून पोट दुखावं, असं वाटणाऱ्यांसाठी

दिलीप प्रभावळकर तुम्हाला नट म्हणून माहीत असतील. पण त्यांनी लिहिलेला ‘बोक्या सातबंडे’ तुम्हाला भेटलाय का? बोक्या खोडकर आहे, पण वाईट नाही. त्याला सगळ्यांना मदत करायची असते आणि त्या मदतीतूनच नवा घोटाळा उभा राहतो! त्याचे दहा भाग आहेत. २०११ साली या लेखनाला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. एक एक गोष्ट सुटी वाचता येते, म्हणून ज्यांना जाड पुस्तकाची भीती वाटते त्यांनी इथूनच श्रीगणेशा करावा.

घरात सगळ्यांनी मिळून हसायचं असेल तर चि. वि. जोशी यांचा चिमणराव आणि त्याचा मावसभाऊ गुंड्याभाऊ. भाषा जुन्या पुण्यातली आहे, काही शब्द अडतील. आजी-आजोबांना विचारा. ते शब्दाचा अर्थ सांगतील आणि वर दूरदर्शनवरच्या चिमणरावाची आठवणही सांगतील. तो चिमणराव कोण झाला होता, माहीत आहे? हेच आपले दिलीप प्रभावळकर!

चिठ्ठी तिसरी : ‘माझ्या मनातलं कुणाला कळतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

लंपनला भेटा. प्रकाश नारायण संत यांनी त्याच्यावर चार पुस्तकं लिहिली. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. लंपन आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांच्या घरी राहतो. गाव बेळगावकडच्या मुलखातलं, त्यामुळं बोलण्यात कानडी शब्दांची मधूनमधून फोडणी. या पुस्तकांत चोर-पोलीस नाहीत, राक्षस नाहीत. एक मुलगा आजूबाजूला बघतो, त्याला काय काय वाटतं, एवढंच. पण वाचताना तुम्ही थबकाल आणि म्हणाल, अरेच्चा, मलाही अगदी असंच वाटतं, फक्त सांगता येत नव्हतं! सहावी-सातवीच्या पुढच्यांनी वाचावं. घाई करू नये. रोज चार पानं वाचली तरी पुरे.

लहानांसाठी संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ आहे. पियू नावाची मुलगी सुट्टीत रोजची वही लिहिते. त्यातूनच गोष्ट उलगडते. या पुस्तकाला २०२२ सालचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आमच्या वर्गात ते वाचून सहा मुलींनी आणि दोन मुलांनी स्वतःची वही सुरू केली! (त्यांतल्या तिघांची पुढं बंद पडली, तेही सांगते. खोटं कशाला बोलू?)

घरात अगदी धाकटं भावंडं असेल, नुकतीच अक्षरं जुळवू लागलेलं, तर त्याच्यासाठी माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आणा. चित्रंही त्यांचीच. पण वाचून दाखवायचं काम तुमचं हं!

चिठ्ठी चौथी : डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल, म्हणणाऱ्यांसाठी

‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची कादंबरी, राम पटवर्धन यांनी मराठीत आणलेली. अमेरिकेतल्या फ्लॉरिडाच्या जंगलात एक गरीब शेतकरी कुटुंब राहतं. आई, बाप आणि ज्योडी नावाचा एकुलता एक मुलगा. एके दिवशी जंगलात बापाला विषारी साप चावतो. जीव वाचवण्यासाठी त्याला समोरच्या हरिणीला मारावं लागतं. तो वाचतो, पण हरिणीचं पाडस पोरकं होतं. ज्योडी त्या पाडसाला घरी आणतो. पाडस मोठं होऊ लागतं. आणि पोटापाण्यासाठी लावलेल्या शेतातलं कोवळं पीक...

बस्स! पुढं सांगणार नाही. एवढंच सांगते, की प्रेम एका बाजूला आणि घरादाराची भाकरी दुसऱ्या बाजूला, असा पेच पडला तर माणसानं काय करावं, हे या पुस्तकात ज्योडीला शिकावं लागतं. पुस्तक जाड आहे. सातवी-आठवीत वाचा. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

ल. म. कडू यांची ‘खारीच्या वाटा’ ही छोटी कादंबरीही अशीच मनाला भिडते. धरणाखाली जाणाऱ्या गावाची आणि तिथल्या मुलाची ही गोष्ट. २०१७ साली तिला बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आपण नळ सोडतो तेव्हा ते पाणी कुणाच्या अंगणावरून आलंय, हे ती वाचल्यावर मनात येतं.

चिठ्ठी पाचवी : रात्री गच्चीवर जाऊन तारे बघणाऱ्यांसाठी

डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ होते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. ते विज्ञानकथा कसे लिहू लागले, ती हकिगतच एखाद्या गोष्टीसारखी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांना वाटलं, आपण भाग घ्यावा. पण आपलं नाव बघून परीक्षकांनी बक्षीस दिलं तर? मग त्यांनी टोपणनाव घेतलं, नारायण विनायक जगताप. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी केली! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. ‘कृष्णविवर’ नावाची ती कथा स्पर्धेत पहिली आली. त्यानंतरच सगळ्यांना कळलं, की जगताप म्हणजे कोण!

त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आणि ‘वामन परत न आला’ ही कादंबरी शोधा. माणसाहून हुशार यंत्र बनलं तर काय होईल, हा प्रश्न या कादंबरीत आहे. ती १९८०च्या दशकात लिहिलेली, पण आज वाचताना वाटतं, कालच लिहिली की काय!

चिठ्ठी सहावी : आठवी-नववीतल्या ताई-दादांसाठी

तुमच्यासाठी माझं सगळ्यात लाडकं पुस्तक राखून ठेवलं होतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ साली पुस्तकरूपानं आली. स्वातंत्र्यापूर्वीचा काळ, औंध संस्थान, माणदेशातली धनगरांची छोटी वाडी. राजाराम नावाचा कोवळा तरुण तिथं शाळामास्तर म्हणून येतो. वाडीत शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागं रानात! मास्तर हळूहळू वाडीचा होत जातो. लोक त्याच्याकडं पत्रं लिहायला येतात, भांडणं मिटवायला येतात, पैसे सांभाळायला देतात. आणि मग एक वर्ष पाऊस दगा देतो.

शेवट याही पुस्तकाचा सांगणार नाही. डी.एड.ला असताना मी ते वाचलं होतं तेव्हा वाटलं होतं, छान आहे. नोकरी लागल्यावर पुन्हा वाचलं. दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे झालेला माझा वर्ग बघितल्यावर तिसऱ्यांदा वाचलं, तेव्हा कुठं ते मला समजलं. पुस्तक तेच होतं, मी बदलले होते. म्हणून आवडलेलं पुस्तक पुन्हा वाचायला कधी लाजू नका.

आणि बहिणी-बहिणींच्या रुसव्याफुगव्यांची, मायेची गोष्ट हवी असेल तर शान्ता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ वाचा. मेग, ज्यो, बेथ आणि एमी. वाचून झाल्यावर ‘तू यांतली कोण?’ असं मैत्रिणीला विचारायचं. मी ज्यो, आधीच सांगून ठेवते! मुलांनीही वाचावं बरं का. पुस्तकावर ‘फक्त मुलींसाठी’ असं कुठं लिहिलेलं नसतं.

तुम्ही चिठ्ठी कशी लिहाल?

आमच्या वर्गानं ठरवलेले चारच नियम आहेत.

एक. शेवट सांगायचा नाही. सांगेल त्यानं आठवडाभर फळा पुसायचा!

दोन. नुसतं ‘छान आहे’ लिहायचं नाही. काय छान आहे, ते लिहायचं.

तीन. कुणी वाचावं, ते लिहायचं. घाबरणाऱ्यानं, रुसलेल्यानं, तापानं अंथरुणात पडलेल्यानं... सगळ्यांना एकच औषध चालत नाही, तसंच पुस्तकांचंही.

चार. नाही आवडलं तर पुस्तक सोडून द्यायची मुभा. पण पंचवीस पानं वाचल्यावर हं! आणि दुसऱ्याला आवडलं म्हणून त्याला हसायचं नाही.

थोडं पालकांशी

पालकहो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. मुलानं गोष्टीचं पुस्तक मिटलं, की आपण लगेच विचारतो, “यातून काय बोध घेतलास?” मीही विचारायची. त्या प्रश्नानं गोष्टीची परीक्षा होऊन जाते. त्याऐवजी “मला सांग ना, तुला त्यात कोण आवडलं?” असं विचारून बघा. मूल अर्धा तास बोलत राहील.

तुम्हाला बालपणी आवडलेलं पुस्तक मुलाला आवडेलच असं नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण काही पुस्तकं मोठ्यांच्या आवाजात फार गोड लागतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेल्या ‘श्यामची आई’मध्ये प्रकरणं नाहीत, ‘रात्री’ आहेत. एकूण बेचाळीस. जेवणं झाल्यावर दिवा जवळ ओढून एका रात्री एकच ‘रात्र’ वाचून दाखवा. दीड महिन्यात पुस्तक पूर्ण होईल. मधेच तुमचा गळा दाटून आला तर मुलांनी ते बघितलं म्हणून काही बिघडत नाही.

पुस्तकं महाग वाटतात, खरं आहे. पण गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी फार नसते. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ सालापासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मोबाइल हातात द्यायचाच आहे, तर एखादे वेळी त्यासाठी द्या! आणि महाबळेश्वर-पाचगणीला सहलीला गेलात, तर वाटेवरच्या भिलारला जरूर थांबा. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालंय. तिथं लोकांच्या घरात, ओसरीवर पुस्तकं मांडलेली आहेत. कुणाच्याही घरात शिरावं आणि वाचत बसावं. कुलूप नाही, काही नाही!

शेवटची चिठ्ठी

आता तुम्ही विचाराल, “बाई, त्या मुलाचं पुढं काय झालं?” विचारणारच! तुम्हाला सवयच लागली आता.

एप्रिलमध्ये आल्या आल्या त्यानं ते पुस्तक दोन दिवसांत संपवलं. मी विचारलं, “कसं वाटलं?” थोडा विचार करून म्हणाला, “चांगलंय. पण माझ्या गोष्टीत बैल होते, ते यात न्हाईत.” पुढच्या वर्षी कारखान्याला जायची वेळ आली, तेव्हा मीच त्याला पाच पुस्तकं कापडी पिशवीत घालून दिली. वहीत नाव लिहिलं आणि परत करायच्या तारखेची जागा मोकळी सोडली.

पाचही पुस्तकं परत आली. एकाचं मुखपृष्ठ गेलं होतं. पानांवर चुलीच्या धुराचा वास होता, कुठं कुठं लहान मुलांच्या बोटांचे ठसे होते. ‘फास्टर फेणे’च्या शेवटच्या पानाआड वहीच्या कागदाची घडी होती. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं :

‘लांब जाणाऱ्याने हे पुस्तक न्या. रात्री दिवा नसेल तर दिवसा वाचून ठेवा आणि रात्री सांगा.’

ही चिठ्ठी मी अजून त्या पुस्तकातून काढलेली नाही.

तर बालमित्रांनो, हा अंक वाचून झाला की एक काम करा. तुमच्या आवडीचं एक पुस्तक शोधा. वहीचा एक कागद घ्या, चार ओळी लिहा आणि पुस्तकात ठेवा. मग वर्गात नजर फिरवा. मधल्या सुट्टीत एकटं कोण बसतं? नवीन कोण आलंय? कोण गावाला जाणार आहे? पुस्तक त्याच्या हातात द्या आणि म्हणा, “हे वाच, तुला आवडेल.” चार दिवसांनी तो तुम्हाला शोधत येतो की नाही, ते बघा!